वाडी नसताना देव उठत नाही

शेठनं माझ्या बाच्या कानाखाली मारली तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. हातात वही होती. बोटांत पेन होतं. सरांनी बजावलं होतं, एकही शब्द सुटता कामा नये. मी लिहीत होते. 'माहितीदार नकार देतो.' एवढं लिहून झालं होतं.

थापड जोराची होती. बाच्या डोक्याचं फडकं सुटून खांद्यावर आलं. त्यानं गालाला हात लावला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मी त्याची कुणी नव्हतेच. तासाभरापूर्वी मीच तसं ठरवलं होतं.

आता नीट सांगते. मला सावकाश सांगता येत नाही, राग येतो. तरी सांगते.

आम्ही कातकरी. वडखळ सोडून रोह्याच्या अंगाला निघालं की एक रस्ता आत डोंगराकडं वळतो, त्याच्या शेवटाला आमची वाडी. दिवाळी झाली की वीटभट्ट्यांचे ट्रक येतात. म्हातारीकोतारी, पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं ट्रकात. शिमग्याला चार दिवस परत यायचं, पुन्हा भट्टी, आणि पावसाच्या तोंडाला घरी. मधल्या काळात वाडीत कुत्रंसुद्धा राहत नाही.

माझा बा वाडीचा भगत. वाडीच्या वर डोंगरात आमचा वाघदेव आहे. एक उभा दगड, शेंदूर लावलेला. ट्रक यायच्या आदल्या दिवशी बा त्याला पानांनी झाकतो. देवाला निजवतो. मग वाडी परत येईपर्यंत कुणी ती पानं हलवायची नाहीत. शिमग्याला सगळी माणसं जमली की बा पानं काढतो, ढोल वाजतो, आणि मग बाच्या अंगात वारं येतं. आधी नाही. वाडी नसताना देव उठत नाही. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मला आश्रमशाळेत टाकलं होतं म्हणून मी भट्टीवरून सुटले. पुढं पेणला, रामवाडीत, मुलींच्या वसतिगृहात राहिले. मे महिन्यात वसतिगृह बंद व्हायचं, आईबा भट्टीवर असायचे. मग मी मावशीकडं. मावशी गणपतीच्या कारखान्यात कामाला. तिच्याबरोबर मीही जायचे. कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरनं घासायच्या. सोंड, पोट, कान. दिवसभर घासून बोटांची सालं निघायची. डोळ्यांची आखणी होईपर्यंत तो गणपती माझ्या मांडीवर. आखणी झाली की मालक म्हणायचा, "आता हात नको लावू."

आठवीत होते. चवथीच्या दिवशी मालकानं आम्हाला घरी बोलावलं. दर्शनाला नाही, मूर्ती आणताना लावलेला पेंढा उचलायला. दारातून आत बघितलं तर चौरंगावर मीच घासलेला गणपती. डाव्या कानाजवळ माझ्या हातून एक खळगा राहिला होता, त्यावरून ओळखला. मला इतका आनंद झाला की मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला. मालकाची आई होती तिथं. तिनं केरसुणीच्या दांड्यानं माझ्या छातीत ढोसलं. म्हणाली, "तिथूनच. देवाला विटाळ नको." मग एक मोदक वरून माझ्या ओंजळीत टाकला. तो खाली पडला. मी उचलला, फुंकला आणि खाल्ला. गोड लागला. त्या गोड लागण्याची मला अजून चीड येते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसला. मी घासलेल्या देवाला माझा विटाळ होतो, हे ठरवलं कुणी? देवानं सांगितलं? कुणाला सांगितलं? कुठं लिहिलंय?

रसायनशास्त्रात पदवी घेतली. धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. रोह्यात खोली घेतली. शिफ्ट करायची, केसांतला ॲसिडचा वास धुवायचा, झोपायचं. मग एक दिवस पेणच्या अभ्यासकेंद्राची जाहिरात बघितली. जगातल्या धर्मांचा पदव्युत्तर अभ्यास. शनिवार-रविवार वर्ग. दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांनी आधी सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करायचा, मग मुख्य वर्गात बसायचं. मी पैसे भरले. लॅबमधल्या बाया हसल्या. "ह्यानं पगार वाढतो का गो?"

पूरकवाले आम्ही सहा जण होतो. सर आम्हाला गमतीनं 'धर्मांतरित' म्हणायचे. विज्ञानातून, वाणिज्यातून धर्मात आलेले. सर बोलायचे फार छान. पांढरा झब्बा, शांत आवाज. ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, बौद्ध, जैन, ताओ, सगळ्यांबद्दल असं बोलायचे की वाटावं, ह्या माणसाच्या मनात कुणाविषयी किल्मिष नाही. मी अधाशासारखी वाचत होते. वाळवंटातल्या मेंढपाळांनी दगड रचून वेदी केली, तो एका मोठ्या धर्माचा इतिहास. त्यावर सरांचे दोन तास. पुस्तकाच्या शेवटी चार पानं होती, 'आदिम धर्म'. त्यात एका शेंदूर फासलेल्या दगडाचं चित्र. खाली नाव नाही, गाव नाही. मजकूर असा, की ह्या लोकांची उपासना भीतीतून जन्मते, तिला विचारांची बैठक नसते.

मी ती पानं वाचली आणि पुस्तक मिटलं. वर्गात काही बोलले नाही.

बोलणार कशी? पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं, "तू कुठली?" मी म्हटलं होतं, "पेण. रामवाडी." सहा वर्षं राहिलेच होते तिथं. आडनाव तर असं की कुणाचंही असावं. लोकांना जे वाटायचं ते वाटू द्यायचं, हे मी वसतिगृहातच शिकले. फक्त नसीमाला संशय होता. नसीमा रोह्याची, तिचे अब्बा कुवेतला. तीही पूरकवाली. इस्लामचा तास आला की अख्खा वर्ग वळून तिच्याकडं बघायचा. एकदा ती मला हळूच म्हणाली, "तू बरीयेस गो. तुज्याकडं कोन बघत नाय." मी हसले. त्या हसण्यात सुटका होती, आणि सुटकेची मला लाज वाटत नव्हती.

मग सरांनी क्षेत्रभेट जाहीर केली. विषय, आदिम धर्म. फळ्यावर वाडीचं नाव लिहिलं.

माझी वाडी.

वाडीच्या खालचा सगळा उतार एका शेठनं घेतलेला. मोठं फार्महाऊस बांधलेलं. अभ्यासकेंद्राला खोली शेठनंच दिलेली, म्हणून भेटीची सोयही तोच करणार होता. मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी हिशेब केला. पौष चालू आहे. वाडी भट्टीवर. ओळखणारं माणूस तिथं असणारच नाही. जायचं, रिकामी घरं बघायची, वहीत चार ओळी लिहायच्या, परत यायचं. स्वतःच्या घरासमोर पाहुण्यासारखं उभं राहायचं. जमेल, वाटलं.

दोन महिने मी घरी फोन केला नव्हता. केला असता तर कळलं असतं की भट्टीवर विटांचा थर बाच्या पायावर कोसळला होता. मुकादमानं त्याला वाडीत आणून सोडलं होतं, एकट्याला. आई आणि भाऊ आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तिकडंच अडकले होते.

नसीमा आणि मी एसटीनं वडखळला उतरलो. तिथून अभ्यासकेंद्राच्या गाडीत बसलो. फार्महाऊसवर हिरवळ, कारंजं, पोहे. शेठ हसरा माणूस. गळ्यात जाड साखळी, मनगटावर देवळांचे दोरे. सरांच्या पाया पडला. आम्हाला म्हणाला, "दगडाला शेंदूर फासतात आणि वाघ म्हणतात. मजा बघा. वर एक म्हातारा आहे, त्यांचा भगत. थांबवून ठेवलाय तुमच्यासाठी."

वाडीत भगत एकच. मी बशीतले पोहे संपवले.

वर चढलो. बा देवाशेजारी जमिनीवर बसला होता. एका पायाला मांडीपासून खाली चिंध्या बांधलेल्या. शेजारी काठी. देव पानांनी झाकलेला. बानं मान वर केली. एकेक चेहरा बघत तो माझ्यापर्यंत आला आणि त्याचं तोंड उघडलं. "आली गो बाय," हे त्याच्या ओठांवर आलेलं मी बघितलं.

मी वहीत बघितलं.

बस, एवढंच. एक माणूस दुसऱ्याला ठार मारतो तेव्हा त्याला काहीतरी करावं लागतं. मला फक्त मान खाली घालावी लागली.

सर म्हणाले, "ही बोलेल तुमच्याशी. हिला इकडची बोली कळते."

मग जन्मभर मला बाय म्हणणारा माझा बा म्हणाला, "इचारा बाईसाहेब."

मी विचारलं. सर प्रश्न सांगत होते, मी पुढं ढकलत होते. देव कुणी बसवला, कोंबडं कधी देता, बायका वर येतात का. बा उत्तरं देत होता, माझ्याकडं न बघता, अदबीनं. मग सर म्हणाले, "विचार, वाघाची भीती वाटते म्हणून पुजता का?"

बा म्हणाला, "भ्या मानसांचा वाटतो बाईसाहेब. वाघाचा कसला? वाघ आमचाच हाय."

मी लिहिलं, 'भीतीतून उपासना.' होय. माझ्या बाचं बोलणं मोडून मी पुस्तकातलं वाक्य लिहिलं. सरांना काय हवं ते मला ठाऊक होतं आणि मला मार्क हवे होते. ती वही अजून माझ्याकडं आहे. ते वाक्य मी खोडलेलं नाही. कोण होते मी, ते मला दिसत राहावं.

वर्गातली सायली कॅमेरा स्टँडवर लावत होती. शेठनं टाळी वाजवली. "चल रे म्हाताऱ्या. वारं आण."

बा म्हणाला, "नाय शेठ. वारा येतो. आनत नाय."

"दोन मिनिटं घुमून दाखव. पाहुणे लांबून आलेत."

"देव निजलाय शेठ. वाडी भट्टीला गेलीय. वाडी आल्याबिगर देव उठत नाय. उठून कुनापुढं उठंल?"

शेठनं खिशातून बाटली काढून हलवली. "ही घेतलीस की उठेल." पोरं हसली. सगळीच नाही, पण हसली. बानं बाटलीकडं बघितलंसुद्धा नाही. सर माझ्या कानाशी म्हणाले, "समजावून सांग. त्याच्या श्रद्धेचा आपण आदरच करतो. फक्त नोंद हवी. दोन मिनिटं."

आणि मी सांगितलं. माझ्या तोंडानं. "दोनच मिन्टां, म्हनतात."

बानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुमीच सांगा बाईसाहेब. वाडी नसताना देव उठतो का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मला उत्तर माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. मी वही उघडली आणि लिहिलं, 'माहितीदार नकार देतो.'

शेठ पुढं झाला. "ह्याचा देव मीच उठवतो," म्हणाला आणि बुटाच्या टोकानं त्यानं देवावरची पानं उडवली. बानं काठी आडवी घातली. मारली नाही. आडवी घातली, दाराला कडी घालतात तशी. काठी शेठच्या नडगीला टेकली असेल नसेल. शेठनं वळून थापड मारली.

सर म्हणाले, "शेठ, शेठ, जाऊ द्या. सायली, एवढं काढून टाक." मग माझ्याकडं वळून, त्याच शांत आवाजात, "लिही. माहितीदार आक्रमक झाला."

आक्रमक.

ज्या माणसाला भट्टीवरच्या मुकादमानं लाथेनं उठवलं, ज्याच्या पायावर विटा कोसळल्या आणि ज्यानं कुणाला शिवी दिली नाही, तो आक्रमक. बूट घातलेला शेठ नव्हे. माझ्या आत काहीतरी फाटलं. मला त्या वेळी कुठलाही धर्म आठवला नाही. करुणा नाही, क्षमा नाही, दुसरा गाल नाही.

मी म्हटलं, "ह्यो माजा बा हाय."

कुणाला ऐकू गेलं नाही. मी ओरडले. "माजा बा हाय ह्यो!"

सर गोंधळले. "अगं, तू रामवाडीची ना?"

शेठनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बघता बघता त्याचा चेहरा वाकडा झाला. "म्हणजे तू पण कातकरडी? आणि माझ्या घरात बसून माझ्या बशीत पोहे खाल्लेस?"

कॅमेऱ्याचं स्टँड हाताशी होतं. मी ते उचललं आणि घातलं. पहिला दणका त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर घालणार होते, त्याचा रखवालदार धावला. त्याची काठी माझ्या पाठीत बसली, एकदा, दोनदा. मी पडले. पडता पडता शेठची साखळी धरली, त्याच्या गळ्याला नखं लागली. त्यानं माझ्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फुटला, एक दात हलला. बा देवावर आडवा पडला होता, अंगाखाली दगड घेऊन, आणि रखवालदार त्याच्या दुखऱ्या पायावर मारत होता. नसीमानं ती काठी दोन्ही हातांनी धरली. "बस झाला! मारून टाकशील का रे त्याला!" तिच्या तळहातांची सालं निघाली, पण तिनं काठी सोडली नाही. बाकीचे गाडीकडं पळाले. सरही.

शेठच्या गळ्यावर रक्त बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

शेठ आणि त्याचा माणूस शिव्या देत खाली गेले. बा उठून बसला. त्याच्या कानातून रक्त येत होतं. तो हात लांब करून विखुरलेली पानं गोळा करायला लागला. एकेक पान झटकून देवावर ठेवायला लागला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "जा गो बाय. गाडी सुटंल तुजी."

"गेली गाडी, बा."

"मंग बस."

मी बसले. माफी मागितली नाही. मागून भागणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं माझ्या हातात पानं दिली आणि मी ठेवायला लागले.

नसीमा आणि मी बाला आधार देत पोलीस ठाण्यात पोहोचलो तेव्हा शेठ आधीच बसला होता, समोर चहा. त्याची तक्रार लिहून झाली होती. बानं आणि मी मिळून त्याच्यावर हल्ला केला, अशी. सरही आले होते. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि एक कागद पुढं केला. सुरेख अक्षर. 'भावनेच्या भरात माझ्याकडून अनुचित वर्तन घडले, त्याबद्दल मी बिनशर्त क्षमा मागते.' म्हणाले, "सही कर. शेठ तक्रार मागे घेतील. तुझं वर्ष वाचेल. कंपनीतही काही कळणार नाही. तू हुशार आहेस, मोठा विचार कर. सगळे धर्म शेवटी क्षमाच शिकवतात."

मी विचारलं, "शेठनं लिहून दिली का क्षमा, सर?"

सर म्हणाले, "विषय तो नाही."

बा भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "कर गो सही. तू शिकाया पायजेस. माजा काय, गाल हाय, उद्या बरा व्हईल."

शेठच्या थापडेपेक्षा हे लागलं. माझ्या शिक्षणासाठी माझा बा पुन्हा गाल पुढं करायला तयार होता. म्हणजे आजवर मी जे शिकले ते असंच शिकले होते. त्याच्या गालावर उभी राहून. कागद मी चार तुकडे करून सरांच्या झब्ब्याच्या खिशात घातला. आत गेले आणि म्हटलं, "आमची फिर्याद घ्या. जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण. ॲट्रॉसिटी लावा."

हवालदार म्हणाला, "जातीचा दाखला आहे?"

दाखला रोह्याच्या खोलीत होता. पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, कुणाला दिसू नये असा ठेवलेला. नसीमाला मी किल्ली दिली. फुटल्या तळहातांनी ती रोह्याला गेली आणि दाखला घेऊन आली. शिष्यवृत्ती सोडली तर तो कागद मी कधी कुणापुढं धरला नव्हता. त्या दिवशी टेबलावर आपटला.

हवालदार बाचं नाव, वय लिहून घेत होता. धर्माच्या रकान्यापाशी आला आणि न विचारताच लिहिणार होता. मी म्हटलं, "थांबा. त्यांना विचारा."

त्यानं वैतागून विचारलं, "बोल बाबा. धर्म कोणता?"

बा म्हणाला, "वाघदेव."

हवालदार हसला. "असा धर्म नसतो. यादीत नाही."

मी म्हटलं, "मी जगातले सगळे धर्म शिकतेय. असतो. लिहा."

त्यानं लिहिलं नाही. रकाना मोकळा सोडला. मी तेवढ्यावर तेव्हा थांबले. ते मोकळं राहणं मला तो लिहिणार होता त्या शब्दापेक्षा बरं वाटलं.

मग जे व्हायचं ते झालं. कंपनीत फोन गेला. मला लॅबमधून काढून पॅकिंगला टाकलं. पूर्वी माझ्या डब्यातली भाजी चाखणाऱ्या दोघी आता वेगळ्या बाकावर बसतात. शेठनं वाडीची वाट तारांनी बंद केली, आम्ही तहसीलला अर्ज दिला, अजून चकरा मारतोय. गुन्हा नोंद झालाय. शेठला जामीन मिळाला. बाला त्या कानानं ऐकू येत नाही.

वर्ग मी सोडला नाही. पुढच्याच शनिवारी गेले आणि पहिल्या बाकावर बसले. ओठाला टाके होते. सर 'आदिम धर्म' संपवत होते. मी हात वर केला. "सर, माझा बा माहितीदार. मग शेठ कोण?" सर म्हणाले, "आपण पुढे जाऊ." मी म्हटलं, "मी नाही पुढं जात. सांगा." त्यांनी तास संपवला.

क्षेत्रभेटीचा अहवाल मी लिहिला. वाडीवर नाही. फार्महाऊसवर. त्या जमातीचे लोक मनगटाला दोरे बांधतात. विद्वानाच्या पाया पडतात आणि त्याला खोली देतात. बशीला विटाळ होतो असं मानतात. त्यांची उपासना भीतीतून जन्मते. भीती अशी, की ज्याच्या जमिनीवर आपण कुंपण घातलं तो एक दिवस उठेल. पंधरा पानं लिहिली, पुस्तकातल्या भाषेत, तळटिपांसकट. सरांनी शेरा मारून परत केला, 'वस्तुनिष्ठतेचा अभाव. पुन्हा लिहावे.' मी एक अक्षर न बदलता पुन्हा दिला. तिसऱ्यांदाही तोच देईन. नापास करायचं असेल तर त्यांनी कारण लिहून करावं, तेही मी पुढं नेईन.

शिमग्याला वाडी आली. आई आली, बाचा कान बघून तिनं मला दोन फटके दिले आणि मग रडली. ते मी गप्प खाल्ले, माझे होते. बानं पानं काढली. ढोल वाजला. सगळी वाडी वर जमली आणि वारं आलं. तिथं काय झालं, बा काय बोलला, ते मी इथं लिहिणार नाही. पेपरात लिहिणार नाही. परीक्षेत विचारलं तर शून्य घेईन. ते आमचं आहे.

परवा अभ्यासकेंद्रात नवी सूचना लागली. पुढच्या तुकडीची क्षेत्रभेट. वाडी दुसरी, रोह्याच्या पलीकडची. शेठ दुसरा, गाडी तीच. त्या वाडीत मी तीन रविवार जाऊन आले. बाही आला, काठी टेकत. बायांना बसवून सांगितलं, कोण येतात, काय विचारतात, कसे हसतात. त्यांचा भगत ऐकून घेऊन म्हणाला, "आमी नाय म्हनायचा, व्हय ना गो?" मी म्हटलं, "व्हय. आनि येकट्यानं नाय म्हनायचा नाय. सगल्या वाडीनं म्हनायचा."

गाडीचा दिवस ठरलाय. त्या दिवशी मी पॅकिंगची शिफ्ट टाकणार आणि वाटेच्या तोंडाशी उभी राहणार. नसीमा येणार आहे. बा येणार आहे. सरांनी विचारलं, कुठल्या अधिकारानं अडवतेस, तर सांगणार, कातकऱ्याची पोर आहे आणि तुमचीच विद्यार्थिनी आहे. ऐकून माघारी वळले तर ठीक. नाही वळले आणि पुन्हा आमच्या माणसावर कुणाचा हात उठला, तर मी तो हात मोडणार. मग खुशाल लिहावं सरांनी स्वतःच्या हातानं, माहितीदार आक्रमक झाला.